पांढऱ्या पक्ष्यांचे फोटो आणि एक्स्पोजर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न मला गेली काही वर्षं सतत येतायत. बहुतेक वेळा सोबत एक फोटो असतो, त्यात बाकी सगळं मस्त असतं आणि पक्ष्याच्या जागी नुसतं पांढरं भोक, म्हणजे एक्स्पोजर (कॅमेऱ्यात घेतलेला उजेड) जास्त झालेलं. तेच तेच परत लिहिण्यापेक्षा सगळं एकत्र करून ठेवलंय. जिथे एका उत्तरात दुसऱ्याचा संबंध येतो तिथे प्रश्नाचा नंबर दिलाय.

१. पूर्ण पांढरा पक्षी दिसला म्हणजे तो अल्बिनोच ना?

बहुतेक वेळा नाही. आधी डोळा बघा. अल्बिनो पक्ष्याच्या अंगात मेलॅनिन (काळा-तपकिरी रंग देणारं द्रव्य) अजिबात तयार होत नाही, त्यामुळे डोळा लाल किंवा गुलाबी दिसतो. उजेडाचा त्रास होतो, नजरही कमजोर असते, म्हणून असे पक्षी घरट्याबाहेर पडल्यावर फार दिवस तगत नाहीत आणि मोठा झालेला अल्बिनो जंगलात दिसणं खरंच दुर्मिळ. डोळा नेहमीसारखा गडद असेल तर तो ल्युसिस्टिक असू शकतो, म्हणजे पिसांपर्यंत रंग पोचतच नाही आणि हे जन्मापासून असतं. तिसरा प्रकार म्हणजे वयाबरोबर दर वेळी पिसं बदलताना पांढरी वाढत जाणं. अधूनमधून एखाददुसरं पांढरं पीस असलेले जे कावळे, चिमण्या दिसतात त्यातले पुष्कळसे या प्रकारातले. 'अर्धा अल्बिनो' असं काही नसतं, तो शब्द सोडून द्या.

अजून एक फसवा प्रकार आहे. काही पक्ष्यांत काळा रंग अर्धवट तयार होतो, पीस तपकिरी निघतं आणि उन्हाने इतकं विटतं की लांबून पक्षी पांढराच वाटतो. अशा वेळी पंख उघडल्यावर आतली झाकलेली पिसं बघायची, तिथे मूळ तपकिरी शिल्लक असतो. आता हे सगळं एक्स्पोजरच्या पानावर कशाला, तर फोटो जळाला (उजेड जास्त होऊन तपशील पुसला गेला) की क्रीम, फिकट तपकिरी आणि पांढरा यातला फरकच जातो आणि मग तो पक्षी नेमका काय होता हे कोणालाच सांगता येत नाही. बरोबर एक्स्पोजर म्हणजे इथे ओळख पटवायचा पुरावा आहे.

२. कॅमेरा ऑटोवर असताना पांढरा पक्षी कधी राखाडी येतो, कधी पार जळतो. असं उलटसुलट का?

कारण मीटरला (कॅमेऱ्यातल्या उजेड मोजणाऱ्या यंत्रणेला) पक्षी कळत नाही, त्याला फक्त उजेड कळतो. समोर जे काही आहे ते सरासरी मध्यम राखाडी आहे असं तो धरून चालतो, म्हणजे पडलेल्या उजेडातला साधारण १८ टक्के परत फेकणारं. पांढरं स्वच्छ पीस त्याच्या कितीतरी पट उजेड फेकतं, हिशोब केला तर दोन स्टॉपहून (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) जास्त फरक पडतो. आता पक्ष्याने फ्रेम भरली असेल तर मीटर म्हणतो फार उजेड आहे, कमी करा, आणि पक्षी राखाडी येतो. पक्षी लहान आणि मागे गर्द झाडी असेल तर मीटर म्हणतो अंधार आहे, वाढवा, आणि पक्षी जळतो. तोच पक्षी, तेच ऊन, फक्त मागचं बदललं. हल्लीचे कॅमेरे सीन ओळखून थोडं सावरून घेतात, पण काळ्या पाण्यावर एकटा बगळा आला की त्यांचीही गडबड होते.

म्हणून एकच गोष्ट पक्की धरा, पुढची जवळपास सगळी उत्तरं त्यातूनच निघतात : एक्स्पोजर पक्ष्यावर पडणाऱ्या उजेडावरून ठरवायचं, मागच्या देखाव्यावरून नाही.

३. मग कॉम्पेन्सेशन प्लसमध्ये द्यायचं की मायनसमध्ये? कोणी म्हणतं प्लस, कोणी मायनस.

कॉम्पेन्सेशन म्हणजे मीटरने ठरवलेल्या उजेडात आपण केलेली वाढ (प्लस) किंवा घट (मायनस), स्टॉपमध्ये. दोघंही बरोबर असतात, फक्त समोरचं चित्र वेगळं असतं. पांढऱ्या पक्ष्याने फ्रेमचा बराच भाग व्यापलाय आणि उजेड मऊ आहे, तर साधारण +१ ते +१.७. तसाच पक्षी कडक उन्हात, तर +०.७ च्या आसपास सुरुवात. पक्षी फ्रेमच्या मानाने छोटा आणि मागे हिरवं गवत, तर ० ते −१. छोटा पक्षी आणि मागे गडद सावली किंवा काळं पाणी, तर −१ ते −२, कधी त्याहूनही खाली. हे आकडे पाठ करून उपयोग नाही, प्रत्येक कंपनीचं मीटर थोडं वेगळं वागतं. प्रश्न २ मधलं कारण डोक्यात बसलं की आकडा आपोआप सुचतो.

४. मॅन्युअल मोड शिकायलाच हवा का? अ‍ॅपर्चर प्रायॉरिटीवर भागणार नाही?

भागतं, पण पांढऱ्या पक्ष्यासाठी मॅन्युअल खरं तर सोपं पडतं. मॅन्युअलमध्ये सगळं सेटिंग आपण ठरवतो, अ‍ॅपर्चर प्रायॉरिटीत लेन्सचं भोक (अ‍ॅपर्चर) आपण आणि शटरचा वेळ कॅमेरा. ऊन स्थिर आहे, पक्षी त्याच उन्हात आहे, तर त्याच्या मागे झाडी येवो की पाणी की आकाश, पक्ष्यावरचा उजेड तोच आणि सेटिंगही तेच. अ‍ॅपर्चर प्रायॉरिटीवर मात्र पक्षी उडत पुढे सरकला की दर फ्रेमला मीटर नवीन काहीतरी ठरवणार.

एक चूक फार जण करतात. मोड मॅन्युअल ठेवतात आणि आयएसओ (सेन्सरची उजेडाला संवेदनशीलता) ऑटोवर. मग ते मॅन्युअल राहतच नाही, मीटर आयएसओ वरखाली करून पुन्हा तोच घोळ घालतो. ऑटो आयएसओ बंद करा. ढग येत-जात असतील तेव्हा मात्र मॅन्युअलचा हट्ट नको, तेव्हा ऑटो आयएसओ चालू करून कॉम्पेन्सेशनचं चाक अंगठ्याखाली ठेवायचं (प्रश्न ३).

५. स्वच्छ उन्हात सुरुवातीला ठेवायला एखादं सेटिंग सांगा ना.

जुना सनी सिक्स्टीन नियम अजूनही चोख चालतो. भर उन्हात एफ/१६ (अ‍ॅपर्चरचा आकडा, जितका मोठा तितकं भोक लहान) ठेवला तर शटर म्हणजे एक भागिले आयएसओचा आकडा इतके सेकंद, आयएसओ ४०० असेल तर १/४००. त्याचंच रूपांतर एफ/८ वर १/१६००. हे साधारण मध्यम रंगाच्या पक्ष्यासाठी झालं. पांढऱ्यासाठी एक स्टॉप कमी, म्हणजे आयएसओ ४००, एफ/८, १/३२००. लेन्स एफ/५.६ वर उघडणार असाल तर आयएसओ २०० करा, शटर १/३२०० च राहील. सूर्य तुमच्या पाठीमागे आणि बऱ्यापैकी वर असताना हे जवळपास अचूक बसतं. सकाळी ऊन कोवळं असताना उजेड एखाद-दोन स्टॉप कमीच असतो, तेव्हा तेवढं वाढवायचं आणि ऊन चढेल तसं कमी करत यायचं. हे कमी करत येणं लोक विसरतात. सात वाजता लावलेलं सेटिंग नऊ वाजता तसंच असतं आणि सगळे फोटो जळलेले.

६. स्क्रीनवर तर फोटो छान दिसत होता, घरी आल्यावर जळलेला निघाला. बघायचं तरी कुठे?

स्क्रीनच्या उजळपणावर अजिबात विसंबू नका, उन्हात ती फसवतेच. हिस्टोग्राम (गडद ते उजळ भाग किती हे दाखवणारा आलेख) आणि ब्लिंकी (जळलेला भाग लुकलुकवून दाखवणारी खूण) बघा. पांढऱ्या पक्ष्याचा ढीग उजव्या भिंतीच्या जवळ यायला हवा पण भिंतीवर चढायला नको. पक्षी फ्रेममध्ये छोटा असेल तर तो ढीग म्हणजे उजव्या टोकाला एक बारीकशी रेघ असते, ती दिसत नाही म्हणून लोक म्हणतात हिस्टोग्राम तर मध्ये होता. अशा वेळी ब्लिंकी जास्त कामाची, किंवा मिररलेस असेल तर झेब्रा (जास्त उजळ भागावर दिसणारे पट्टे) १०० च्या आसपास लावून ठेवा, फोटो काढायच्या आधीच कळतं. शक्य असेल तर तिन्ही रंगांचा वेगवेगळा हिस्टोग्राम चालू करा, कारण प्रश्न ११ मध्ये आहे.

७. स्पॉट मीटरिंग पक्ष्यावर धरलं की झालं ना?

अर्धं झालं. स्पॉट मीटरिंग म्हणजे फ्रेममधल्या एका छोट्या ठिपक्यापुरतंच मोजणं. स्पॉट पांढऱ्यावर धरला तर तो पांढऱ्याला राखाडी करणार, त्यामुळे +१.५ ते +२ द्यावंच लागतं. आणि उडता पक्षी स्पॉटमधून जरा सरकला की रीडिंग मागच्या झाडीचं. माझी पद्धत अशी की बसलेल्या पक्ष्याच्या सगळ्यात उजळ भागावर स्पॉट धरून रीडिंग घ्यायचं, तेवढं वाढवून मॅन्युअलमध्ये कायम करायचं आणि मग मीटरकडे बघायचंच नाही. काही कॅमेऱ्यांत हायलाइटला (सगळ्यात उजळ भागाला) जपणारं मीटरिंग असतं, निकॉनने २०१४ च्या डी८१० मध्ये ते दिलं, नंतर इतरांतही आलं. काळ्या पार्श्वभूमीवर ते उत्तम. पण पाण्यावर ऊन चमकत असेल तर ते त्या चमकेलाच जपत बसतं आणि पक्षी अंधारात जातो.

८. मी रॉ काढते. मग थोडा जळाला तरी नंतर वाचवता येतो, नाही का?

थोडा, हो. रॉ म्हणजे सेन्सरने नोंदलेली कच्ची फाईल, जेपेग म्हणजे कॅमेऱ्याने तयार करून दिलेला फोटो. पण किती ते तुम्हाला तुमच्या कॅमेऱ्याचं माहीत असायला हवं. कॅमेऱ्यातला हिस्टोग्राम आणि ब्लिंकी जेपेगवरून काढलेल्या असतात, रॉ मध्ये त्याच्या वर थोडी जागा शिल्लक असते. १४ बिट रॉ मध्ये प्रत्येक रंगाच्या १६,३८४ पायऱ्या असतात, जेपेगमध्ये २५६, त्यामुळे पिसांमधले बारीक फरक रॉ मध्ये पुष्कळ जास्त टिकतात. पण तिन्ही रंग एकदा भरून वाहिले की तिथे काहीच नोंदलेलं नसतं, मग स्लायडर कितीही ओढा, हातात सपाट राखाडी चिखल येतो.

ही मर्यादा घरीच काढून ठेवा. पांढरा सुती रुमाल थोडा चुरगाळून उन्हात टाका, स्पॉटने मोजा आणि ० पासून एक तृतीयांश स्टॉपने वाढवत +४ पर्यंत फोटो घ्या. मग कॉम्प्युटरवर प्रत्येक रॉ खाली ओढून बघा की कापडाचे उभे-आडवे धागे कुठपर्यंत दिसतायत. ज्या फोटोत वीण गेली त्याच्या दोन पायऱ्या अलीकडे तुमची हद्द. अर्ध्या तासाचं काम आहे, आणि इतका उपयोगी अर्धा तास दुसरा नाही असं मला मनापासून वाटतं.

९. भीतीने मी आता सगळंच दोन स्टॉप अंडर काढतो. चालेल?

दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, तसं झालंय हे. समजू शकतो, पण त्यात नुकसान आहे. पांढऱ्या पक्ष्याचं पोट, पंखाखालचा भाग, मानेची सावली हे सगळं मुळातच कमी उजेडात असतं, ते दोन स्टॉप खाली नेऊन नंतर उजळलं की तिथे नॉइज दाणेदार वर येतो आणि पिसाचा मऊपणा जातो. हद्द माहीत असेल (प्रश्न ८) तर तिच्या अर्धा स्टॉप खाली राहणं पुरेसं. दीड-दोन स्टॉप फक्त प्रश्न १६ सारख्या आणीबाणीत.

१०. बसलेला असताना एक्स्पोजर बरोबर होतं, उडाला आणि पंख जळले. असं कसं?

वंचक (तळ्याकाठचा छोटा बगळा) बघा ना. बसलेला असतो तेव्हा मातकट, रेघारेघांचा, चिखलात दिसतसुद्धा नाही, तुम्ही त्या मातकट रंगाला बरोबर उजेड देता. आणि उडाला की आतून पांढरेशुभ्र पंख उघडतात, तेही वरून थेट उन्हात. बसलेल्या पक्ष्यासाठी लावलेलं सेटिंग त्या पंखांना एक-दोन स्टॉप जास्तच पडतं. ज्याच्या पंखात पांढरा लपलाय अशा प्रत्येक पक्ष्यासाठी सेटिंग आधीपासूनच पांढऱ्याचं लावून बसा, बसलेला फोटो थोडा गडद येईल, तो नंतर सावरता येतो.

सायबेरियन क्रौंचाचं उलटं. बसलेला असताना लाल चेहरा सोडला तर सगळा पांढरा, आणि उडाला की पंखांची काळी टोकं दिसतात. मेलॅनिनने पीस चिवट होतं, म्हणून कितीतरी मोठ्या पांढऱ्या पक्ष्यांची झिजणारी टोकं काळी असतात. तिथे काळ्याची काळजी करायची नाही, त्यातलं एखादं पीस सावलीत हरवलं तरी डोळ्याला खटकत नाही. पांढरं हरवलं की लगेच खटकतं.

११. माझा पांढरा पक्षी निळा येतो, कधी हिरवट, तर संध्याकाळी पिवळा. एक्स्पोजर तर बरोबर आहे.

पांढरं पीस म्हणजे जवळपास आरसाच, आजूबाजूचा रंग उचलतं. सावलीतला पक्षी वरच्या निळ्या आकाशाने उजळलेला असतो म्हणून निळा, गवतातल्याच्या पोटावर हिरवा, संध्याकाळी सोनेरी. सगळा रंग काढून टाकायचा अट्टहास नको, सूर्यास्ताच्या उजेडातला पक्षी सोनेरीच दिसतो आणि तो तसाच सुंदर आहे. सावलीतला निळा मात्र थोडा कमी करावा.

एक्स्पोजरशी याचा संबंध असा, की सोनेरी उजेडात लाल रंग एकटाच आधी भरून जातो. एकत्र हिस्टोग्राम ठीक दिसतो आणि तरी छातीवर पिवळटसर सपाट डाग येतो ज्यात पिसं नाहीत. म्हणून प्रश्न ६ मध्ये तिन्ही रंग वेगळे बघा म्हटलं.

१२. थव्यात एकच पांढरा पक्षी आहे, बाकी सगळे नेहमीच्या रंगाचे. कोणाला धरून एक्स्पोज करू?

पांढऱ्याला. हे मी हातची संधी घालवून शिकलोय म्हणून जरा सविस्तर सांगतो. साळुंक्यांच्या थव्यात एक पांढरी साळुंकी होती, गवतावर, दुपारचं ऊन. तपकिरी साळुंक्या मध्येमध्ये येत होत्या, कॅमेरा त्यांच्या हिशोबाने चालला होता आणि मला स्क्रीनवर सगळं झकास वाटत होतं. साठेक फोटो काढले. घरी बघतो तर बाकीच्यांचं पीसन् पीस आलेलं आणि ती मात्र कागद कापून चिकटवल्यासारखी. एका फोटोच्या वेळी नेमका ढग आला होता, तेवढ्या एकात दिसलं की ती पांढरी नव्हतीच मुळी. डोक्यावर फिकट दुधी, खांद्यावर अगदी हलकी तपकिरी झाक, चोच आणि डोळ्यामागची कातडी पिवळीधमक, डोळा गडद. त्या एका फोटोवरून तिच्याबद्दल जे कळलं ते बाकीच्या एकोणसाठांतून कळलं नसतं.

म्हणजे थवा गडद येऊ द्या. आणि जमलं तर सूर्य थोडा बाजूला येईल अशी जागा निवडा, पिसांचे थर सावल्यांनी दिसतात. सूर्य अगदी पाठीमागे असेल तर एक्स्पोजर अचूक असूनही पांढरं अंग सपाट वाटतं.

१३. बर्फात, धुक्यात किंवा ढगाळ पांढऱ्या आकाशासमोर?

बर्फात मीटर सगळंच राखाडी करतो, +१.३ ते +२ द्या. हिमघुबडासारखा पक्षी उन्हातल्या ताज्या बर्फापेक्षा बहुधा किंचित कमीच उजळ असतो, त्यामुळे बर्फ जळत नाही एवढं बघितलं की पक्षी सुखरूप. धुक्यात +१ पुरतं, कॉन्ट्रास्टच कमी असतो.

ढगाळ आकाश वेगळं. तिथे आकाश पक्ष्याहून उजळ असतं आणि तुम्हाला दिसते ती पक्ष्याची खालची, सावलीतली बाजू. +२ द्या आणि आकाश जाऊ द्या, किंवा सरळ थांबा आणि पक्षी झाडीसमोर येईल याची वाट बघा. मी थांबतो.

१४. सूर्य पक्ष्याच्या मागे असताना?

पांढऱ्या पिसांतून उजेड आरपार येतो, पंख आतून पेटल्यासारखे दिसतात, फार देखणं चित्र असतं. कडेची झळाळती रेघ जळू द्या, तिच्यात तपशील नसतोच. मोजायचं ते पंखाच्या अर्धपारदर्शक भागाला, तिथे पिसांच्या दांड्या दिसायला हव्यात.

१५. एडिटिंगमध्ये पांढरा अजून शुभ्र केला तर? आणि अल्बिनोवर फ्लॅश मारावा का?

शुभ्र करू नका. क्रीम असेल तर क्रीम राहू द्या, प्रश्न १ मधली सगळी ओळख त्यावर आहे. ८ बिट फोटोतल्या ० (काळा) ते २५५ (पांढरा) या मापात सगळ्यात उजळ पीस २४० ते २४५ च्या आसपास राहिलं तर प्रिंटमध्येही कागद उघडा पडत नाही.

फ्लॅश नको. अल्बिनोच्या डोळ्यात रंगद्रव्य नाही, साधं ऊनच त्याला जड जातं. शिवाय जवळच्या पांढऱ्या पिसांवर फ्लॅश सगळ्यात आधी जळतो. त्या पक्ष्यामागे पळू नका, रेकॉर्डिंग वाजवून बोलावू नका. पांढरा असल्यामुळे शिकारी पक्ष्यांना तो आधीच लांबून दिसतो, आपल्यामुळे त्याने आडोसा सोडला तर धोका त्यालाच. फोटो टाकताना फाईलमधलं जीपीएस काढा आणि घरट्याची जागा कोणालाच सांगू नका, ओळखीतल्यांनासुद्धा. एकदा जागा फुटली की दुसऱ्या दिवशी तिथे वीस लेन्स उभ्या असतात.

१६. असा पक्षी अचानक समोर आला आणि पाचच सेकंद मिळाले, तर?

तेव्हा विचार करायला वेळ नसतो, म्हणून तो आधीच करून ठेवायचा. दर वेळी जागेवर पोचल्यावर, आणि ऊन बदललं की पुन्हा, काहीही पांढरं शोधून (दगड, रुमाल, साधा गाय बगळा) पांढऱ्याचं सेटिंग काढा आणि कॅमेऱ्याच्या एखाद्या कस्टम बटणावर ठेवून द्या. पक्षी आला की ते बटण दाबा, फोकस डोळ्यावर घ्या कारण सपाट पांढऱ्या अंगावर ऑटोफोकस चाचपडत राहतो, आणि बर्स्ट (सलग फोटोंची मालिका) सोडा. बटण लावलेलं नसेल तर कॉम्पेन्सेशन −१.५ वर फिरवून काढा. पक्षी सावलीत असेल तर मात्र असं करू नका, तिथे शून्यावरच काढा, सावलीत पांढरा सहसा जळत नाही. पहिला बर्स्ट झाल्यावर पक्षी अजून बसलेला असेल तर स्क्रीन बघायच्या आधी एक स्टॉप वर आणि एक स्टॉप खाली असे दोन-दोन फोटो घ्या, मग बघा.